आभा कार्ड काढलं, पण खातं रिकामंच का दिसतं? पुढे काय बदलणार आहे?

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढायला गेलं की हल्ली खिडकीवर एक प्रश्न येतो, "आभा आहे का?" नसेल तर आधार नंबर सांगा, मोबाईलवर आलेला ओटीपी द्या, आणि दोन-चार मिनिटांत १४ आकडी नंबर तयार. पण घरी येऊन हौसेने ॲप उघडलं तर बऱ्याच जणांना आत एकही कागद दिसत नाही. ना मागच्या महिन्याची रक्त तपासणी, ना गेल्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड. मग सोशल मीडियावर पोस्ट पडते, "या कार्डाचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या योजनेची रचना कशी आहे आणि त्यात अजून काय व्हायचं आहे, यात आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आभा म्हणजे 'आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट'. हा विमा नाही. पाच लाखांपर्यंतचे उपचार ज्यावर होतात ते आयुष्मान कार्ड वेगळं. ते २०१८ मध्ये सुरू झालेल्या जन आरोग्य योजनेचं, आणि त्यासाठी पात्रता लागते. आभा नंबर कुणालाही काढता येतो, फुकट मिळतो, आणि त्यावर एक रुपयाचंही बिल माफ होत नाही. नावात दोन्हीकडे 'आयुष्मान' असल्यामुळे लोकांची गल्लत होते. त्यात लोकांची चूक नाही, नाव ठेवणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा होता.

हे सगळं सुरू कसं झालं?

१५ ऑगस्ट २०२० ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लाल किल्ल्यावरून राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा केली. सुरुवातीला चंदीगड, लडाख, पुद्दुचेरी अशा सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला. २७ सप्टेंबर २०२१ ला ते 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने देशभर लागू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी पाच वर्षांचे १,६०० कोटी रुपये मंजूर केले. सुरुवातीचं 'हेल्थ आयडी' हे नाव जाऊन 'आभा' आलं. काम पाहतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण.

कल्पना साधी होती. लातूरचा पेशंट उपचारासाठी परळच्या टाटा मेमोरियलला जातो, तेव्हा काखेत प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल असते. त्यातला एखादा रिपोर्ट घरी राहिला तर एक तर गावी फोन करा, नाही तर तपासणी पुन्हा करा. खर्च पुन्हा, सुई पुन्हा, आणि कधी कधी आठवडाही पुन्हा. ती फाईल फोनवर आली, तर हे सगळं वाचेल.

मग फाईल फोनवर का येत नाही?

बहुतेकांना वाटतं की सरकारकडे एक मोठा सर्व्हर आहे, त्यात सगळ्यांचे रिपोर्ट साठवले जातात आणि ॲप ते दाखवतं. तसं नाही. तुमचा रिपोर्ट ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने तयार केला, तो त्यांच्याच संगणकात राहतो. आभा हा फक्त धागा आहे. "या नंबरच्या माणसाची अमुक नोंद अमुक ठिकाणी आहे", एवढंच या व्यवस्थेला कळतं. तुम्ही परवानगी दिलीत की ती नोंद मूळ जागेवरून निघून थेट तुमच्या ॲपमध्ये किंवा डॉक्टरांच्या पडद्यावर येते.

सगळे रिपोर्ट एकाच जागी ठेवण्याचा धोका काय असतो, हे २३ नोव्हेंबर २०२२ ला दिसलं. दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या रुग्णालयाचं कामकाज जवळपास दोन आठवडे हातानेच लिहून चालवावं लागलं. हे एका रुग्णालयाचं झालं. संपूर्ण देशाच्या नोंदी एकाच ठिकाणी असत्या तर?

पण या रचनेची दुसरी बाजू अशी की समोरच्याने धागा बांधलाच नाही, तर तुमच्या ॲपमध्ये काही येणार नाही. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर या मिशनशी तीन टप्प्यांत जोडलं जातं. पहिल्या टप्प्यात ते पेशंटचा आभा नंबर तयार करू शकतं, तपासू शकतं. दुसऱ्या टप्प्यात ते स्वतःकडची नोंद त्या नंबरला जोडून बाहेर देऊ शकतं. तिसऱ्या टप्प्यात ते पेशंटच्या परवानगीने दुसऱ्या रुग्णालयाची नोंद मागवू शकतं. जिथे फक्त पहिला टप्पा झालाय, तिथे खिडकीवर नंबर मागितला जाणार, लाईन पुढे सरकणार, आणि खातं रिकामंच राहणार.

आकडे बघितले की हे आणखी स्पष्ट होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे ८० कोटी आभा खाती होती आणि त्यांना जोडलेल्या नोंदी होत्या सुमारे ६७ कोटी. म्हणजे खात्यामागे सरासरी एक नोंदही नाही. त्यात नियमित उपचार घेणाऱ्या एकेकाच्या नावावर अनेक नोंदी असणार. मग उरलेल्या किती खात्यांत शून्य असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. नंबर वाटणं हे सोपं काम होतं, ते झालं. अवघड काम अजून बाकी आहे.

आता पुढे काय होणार आहे?

पहिली सुधारणा अर्थातच नोंदी वाढवण्याची. ऑक्टोबर २०२२ पासून 'स्कॅन अँड शेअर' आलं. ओपीडीतला क्यूआर कोड फोनने स्कॅन करायचा, नाव-वय-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. रांगेचा त्रास कमी होतो म्हणून लोकांनी हे लगेच उचललं. पण यातून जाते ती तुमची ओळख, तुमचा रिपोर्ट नव्हे. पुढची पायरी आहे ती त्याच भेटीतली चिठ्ठी, तपासणी आणि डिस्चार्ज कार्ड त्या नंबरला आपसूक जोडण्याची. रुग्णालयं, लॅब आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी हे करावं म्हणून १ जानेवारी २०२३ पासून प्रोत्साहन योजना आणली गेली, त्यात ४ कोटी रुपयांपर्यंत रक्कम मिळवण्याची सोय ठेवली.

खरी अडचण मोठ्या रुग्णालयांची नाहीच. ती गल्लीतल्या क्लिनिकची आहे. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, समोर वीस पेशंट. तिथे चिठ्ठी संगणकावर टाइप करायला वेळ कोण काढणार? छोट्या खासगी क्लिनिक आणि लॅबना एकेका भागात गाठून जोडण्यासाठी प्राधिकरणाने 'मायक्रोसाईट' ही पद्धत काढली. तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांत मुंबईही होती. आपल्याकडे ताप-खोकल्यापासून शुगर-बीपीपर्यंत बहुतेक उपचार अशाच क्लिनिकमध्ये होतात, त्यामुळे ती जोडली गेली नाहीत तर बाकीच्या सुधारणांना फारसा अर्थ राहत नाही.

दुसरी सुधारणा दिसत नाही, पण महत्त्वाची आहे. ती म्हणजे नोंदीची भाषा एक करणं. एखाद्या रिपोर्टचा फोटो पाठवला तर डॉक्टर तो वाचू शकतात, संगणकाला मात्र त्यातलं काही कळत नाही. तीच तपासणी ठरलेल्या साच्यात आली, तर तीन वेगवेगळ्या लॅबमधलं क्रिएटिनिन एकाच आलेखावर दिसू शकतं, आणि किडनी हळूहळू खराब होत चालली आहे हे वेळेत लक्षात येतं. या साच्याला 'फायर' असं म्हणतात. भारतासाठीचे त्याचे नियम तयार करणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. डॉक्टरची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल, लसीकरण अशा प्रत्येक नोंदीसाठी वेगळा साचा आहे.

तिसरी, विम्याची. 'हेल्थ क्लेम एक्स्चेंज' ही व्यवस्था रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात दाव्याचे कागद एकाच पद्धतीने फिरावेत यासाठी आहे. डिस्चार्ज मिळूनही कॅशलेसच्या मंजुरीची वाट बघत संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहिलेल्यांना याचं महत्त्व सांगायला नको. यासोबत यूपीआयच्या धर्तीवर 'यूएचआय' नावाचं जाळंही आखलेलं आहे. कुठल्याही ॲपवरून कुठल्याही डॉक्टरची वेळ घेता यावी, अशी ती कल्पना.

परवानगीचं काय?

इथे थोडं थांबायला हवं, कारण रिकामं खातं हा आजचा त्रास आहे, पण भरलेलं खातं हा उद्याचा धोकाही होऊ शकतो. एचआयव्हीची तपासणी, मनोविकाराची औषधं, गर्भपाताची नोंद. यातली एक गोष्ट चुकीच्या हातात गेली तर नोकरी जाऊ शकते, लग्न मोडू शकतं. एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे. संमतीशिवाय कुणाचीही ती स्थिती उघड करता येत नाही. मानसिक आरोग्य कायदाही त्याच वर्षीचा, त्यातही गोपनीयतेचा हक्क आहे.

आभाच्या संमतीची रचना कागदावर चांगली आहे. कुणी नोंद मागितली की तुम्हाला विनंती येते. कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या तारखांमधल्या आणि किती दिवस बघता येतील, हे तुम्ही ठरवू शकता. दिलेली परवानगी नंतर मागेही घेता येते. पण अनुभव असा की घाईच्या वेळी माणूस ओटीपी सांगून मोकळा होतो. २०२१ मध्ये कोविड लसीकरणाच्या वेळी आधार दाखवणाऱ्या अनेकांचे आरोग्य क्रमांक त्यांच्या नकळत तयार झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. शिवाय आपल्याकडे एका घरात एकच स्मार्टफोन असणं नवीन नाही. फोन नवऱ्याकडे आणि नोंद बायकोची असेल, तर ओटीपीवर चालणारी संमती नेमकी कुणाची? कुठलंही नवं बटण आणण्याआधी या प्रश्नाचं उत्तर यायला हवं.

बेशुद्ध पेशंटचं काय, हाही प्रश्न आहेच. डिसेंबर २०२० च्या आरोग्य माहिती धोरणात वारसदार म्हणजे नॉमिनीने, तो नेमलेला नसेल तर घरातल्या प्रौढ व्यक्तीने संमती देण्याची तरतूद आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ हाही जिवावर बेतलेल्या प्रसंगी संमतीशिवाय माहिती वापरू देतो.

याच कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे साधारण मे २०२७. तेव्हापासून रुग्णालय असो, लॅब असो की ॲप, माहिती कशासाठी घेतो हे साध्या भाषेत सांगावं लागेल, आणि ते मराठीतही वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचा उल्लेख कायद्यातच आहे. कोकणीही त्यात आहे. माहिती सांभाळण्यात कुचराई झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

तोवर काय करायचं?

आभा काढणं ऐच्छिक आहे, नको असेल तर खातं बंद किंवा कायमचं डिलीटही करता येतं. ज्यांना ठेवायचं आहे, त्यांनी नंबर देताना एक प्रश्न विचारावा, "आमचे रिपोर्ट यात जोडता का, की फक्त नोंदणी करता?" उत्तर 'फक्त नोंदणी' असेल तर खातं का रिकामं आहे ते कळलंच. मोबाईल नंबर बदलला असेल तर तो खात्यात बदलून घ्यावा, नाहीतर संमतीचे मेसेज जुन्या नंबरवर जात राहतील. जुने रिपोर्ट स्वतः ॲपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये टाकता येतात.

आणि आभा असो वा नसो, एक हक्क आधीपासून आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती झालेल्या पेशंटच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात, आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. मागणी लेखी करावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. तीन वर्षं ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोंद रुग्णालयाच्याच संगणकात राहत असल्यामुळे तिथून ती काढून टाकली गेली, किंवा रुग्णालयच बंद पडलं, तर आभाचा धागा जोडलेला असूनही पलीकडे काही उरलेलं नसेल. म्हणून महत्त्वाचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी आणि बायोप्सीचा अहवाल मिळाला त्याच आठवड्यात स्वतःकडे उतरवून ठेवावा.