धरणाच्या खाली कोण राहतं?



ब्रह्मवाकडीजवळ दुधना अडवली आणि आपल्या सेलू तालुक्यात निम्न दुधना धरण झालं. पावसाळ्यात आपण एकमेकींना विचारतो, 'धरण किती टक्के भरलं?' आज दुसरा प्रश्न विचारू या. धरणाच्या खाली कोण राहतं?

हा प्रश्न कायद्यात यायला फार वर्षं लागली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं अपुरं राहिलेलं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण काही तास तगवलं होतं. म्हणून पाणी दिवसाउजेडी आलं आणि कितीतरी जीव वाचले. पुढे ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मच्छू-२ फुटलं आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झालं.

तरीही आपल्याकडे धरणाची प्रतवारी मुख्यतः मापावरून होत राहिली. १९८५ च्या भारतीय मानकात पाण्याचा साठा आणि उंची पाहून धरण लहान, मध्यम की मोठं ते ठरे. साठा ६० दशलक्ष घनमीटरच्या वर गेला की मोठं. सांडवा केवढ्या पुराला पुरेसा हवा, तेही त्यावरूनच ठरवत.

पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते लघुपाटबंधाऱ्याचं धरण. पण खालच्या भेंदवाडीला ते 'लघु' कुठलं? घरंच्या घरं झोपेच्या वेळी वाहून गेली.

३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा लागू झाला. आता धरण किती कमकुवत आहे याबरोबरच, ते फुटलं तर किती जीव, घरं, शेती, रस्ते जातील, हे पाहूनही वर्ग ठरवायचा आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. वरचा वर्ग म्हणजे धरण कच्चं, असं नाही. कढत पाण्याचा हंडा मजबूतच असतो. तो कोपऱ्यात असला तर चिंता कमी, रांगतं लेकरू जवळ असलं तर जास्त. हंडा तोच, काळजी वेगळी. तसंच धरणाचं. भिंत आहे तशीच राहते, पण खाली नदीकाठी नवी वस्ती, नवे आखाडे झाले की धोक्याचा वर्ग वाढू शकतो.

याच कायद्यानं मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. पाणी कुठवर येईल आणि लोकांना इशारा कसा द्यायचा, हे त्यात लिहायचं असतं. जुन्या धरणांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत घाबरून नाही, हक्कानं विचारा. आपलं गाव त्या नकाशात आहे का? रात्री इशारा कोण देणार? म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन कोणत्या उंचवट्यावर जायचं? या प्रश्नांची उत्तरं घरातल्या बाईला माहीत हवीत. कारण घर आवरून सगळ्यांत शेवटी बाहेर पडते ती तीच.