पानाबरोबर येणारे सामान

पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या एखाद्या शिक्षकाने वेबवरचे मराठी टिपण ब्राउझरमधून पीडीएफ म्हणून साठवावे आणि फाइल इतकी जड निघावी, की ती अर्जाला जोडताच येऊ नये! मजकूर तर मूठभर. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. २,००० चिन्हांचे पान जेमतेम ६ किलोबाइटचे. मग वजन कशाचे?

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली कल्पिलेल्या वेबवर पान म्हणजे मजकूर आणि सूचना. अक्षरांचे वळण बरेचसे वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोडलेले. अडोबी कंपनीचे जॉन वॉरनॉक यांची १९९१ मधली ‘कॅमेलॉट’ योजना नेमकी उलटी होती. पान कोठेही उघडले तरी तसेच दिसावे! त्यातून १९९३ साली पीडीएफ आली. फाँट, चित्रे सारे फाइलनेच वाहायचे. मराठीला हे ओझे मानवले. युनिकोड रुळण्यापूर्वी दुसऱ्याकडे तोच फाँट नसला, की मराठी पत्राच्या जागी भलत्याच अक्षरांची खिचडी दिसे. फाँट पोटात घेतलेली पीडीएफ मात्र शाबूत पोहोचे.

ब्राउझर वेबपान या पेटीत भरतो. फाँटमधली वापरलेली अक्षरेच घेतली, तर भार थोडा. खरी गोम चित्रांत आहे. पडद्यावर बोटभर दिसणारे छायाचित्र मूळ आकारानेच आत बसू शकते. ४,००० × ३,००० ठिपक्यांचे रंगीत चित्र न दाबता ठेवले, तर ३६ मेगाबाइट होते. दाबूनही ते मजकुराला सहज भारी पडते. वर्गात एकच पान चित्रांसह आणि चित्रांविना साठवून दोन्ही आकडे फळ्यावर मांडून पाहा.