भटारखान्याचे दार आणि कायद्याचा उंबरठा

कोणत्याही हॉटेलाचे दोन भाग असतात. जेवणाचे दालन सर्वांना खुले असते. भटारखाना, कोठार आणि हिशेबाची खोली मात्र चाकरीतल्या माणसांपुरती. अमेरिकेत परदेशी कामगारांच्या तपासणीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बव्हंशी या दोहोंमधल्या दाराभोवती घडला आहे. वसई-गोव्याकडची कित्येक कुटुंबे परदेशी हॉटेलांच्या व जहाजांच्या चाकरीवर उभी राहिली. म्हणून तो आपणांसही अगदीच परका नाही.

परवान्याविना आलेल्या परकीयास आश्रय देणे १९५२ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आश्रय देणे नव्हे, अशी पुस्तीही जोडली. परिणामी छाप्यात कामगार सापडे आणि मालक मोकळा राही. १९७७ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील कपड्यांच्या कारखान्यांत असे तीन छापे पडले. दोन वेळा अधिकाऱ्यांजवळ वॉरंट होते, तिसऱ्या वेळी मालकाची संमती. कामगारांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांना स्थानबद्ध करणे नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला. मात्र धंद्याच्या खाजगी जागेत शिरण्यास सरकारी तपासनिसालाही वॉरंट वा संमती हवी, हे त्याच न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले होते.

१९८६ च्या कायद्याने चित्र पालटले. सुमारे २७ लक्ष लोकांना कायदेशीर वास्तव्य लाभले. त्याचबरोबर प्रत्येक मालकावर 'आय-नाइन' अर्जाचे बंधन आले. कामगाराने पहिल्या दिवशी आपला भाग भरावा, मालकाने तीन कामकाजी दिवसांत कागद पाहावेत. कामावर घेताना मूळ देशावरून भेदभाव करणे मात्र त्याच कायद्याने निषिद्ध केले. अशा रीतीने मालक अर्धा अंमलदार झाला.

पुढे छाप्यांच्या जोडीला दप्तर तपासणी आली. २०१० मध्ये 'चिपोटले' उपाहारगृहांच्या मिनेसोटातील शाखांत अशाच तपासणीनंतर सुमारे ४५० माणसांची नोकरी गेली. बेड्या नाहीत, आरडाओरडा नाही. तरी तेवढ्या घरांची चूल धोक्यात आली.

पाहुण्यांच्या नोंदवहीचीही हीच कथा. लॉस एंजलिसच्या पटेल नामक मोटेलचालकांनी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्णय दिला: पोलिसांनी मागताक्षणी वही द्यावी अशी सक्ती करता येणार नाही, तत्पूर्वी त्रयस्थ निवाड्याची संधी हवी. याउलट 'मोटेल सिक्स'ने वॉशिंग्टन राज्यात पाहुण्यांच्या याद्या अधिकाऱ्यांना आपण होऊन दिल्या. २०१९ मध्ये त्या कंपनीला १ कोटी २० लक्ष डॉलरांची तडजोड करावी लागली.

धोरणाचा भरवसा किती धरावा? जून २०२५ मध्ये शेते, हॉटेले व उपाहारगृहे यांवरील कारवाई थांबवण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच तो फिरवला गेला. म्हणून शहाणा हॉटेलवाला आदेशांकडे डोळे लावून बसत नाही. तो पूर्वतयारी करतो. भटारखान्याच्या दारावर 'केवळ कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी लावतो. अधिकाऱ्यांशी कोणी बोलावे हे आधी ठरवतो, म्हणजे गल्ल्यावरचा पोरगा घाबरून संमती देऊन बसत नाही. वॉरंटावर न्यायाधीशाची सही आहे की केवळ खात्यातील अधिकाऱ्याची, हे पाहतो. कारण दुसऱ्या प्रकारच्या बळावर खाजगी भागात शिरता येत नाही, असाच अर्थ आजवर लावला गेला आहे. 'आय-नाइन'चे अर्ज निराळ्या फाइलीत ठेवतो. त्यांच्या तपासणीसाठी सामान्यतः तीन कामकाजी दिवसांची सूचना मिळते. मौन पाळण्याचा हक्क आपल्याला आहे, हे तो कामगारांना सांगून ठेवतो. पण तो खोटे बोलत नाही, कागद नष्ट करीत नाही, कोणास लपवीत नाही, वाट अडवीत नाही. तसे केल्यास तोच गुन्हेगार ठरेल.

या तयारीने कायदा मोडत नाही. उलट तो अधिकारी, मालक आणि कामगार या तिघांनाही सारखाच बांधतो. भांडी घासणाऱ्या माणसाच्या वाट्याला कायद्याचा धाक नेहमीच येतो. त्याचे संरक्षणही यावे, एवढीच या साऱ्या खटाटोपाची किंमत आहे, आणि ती थोडी नव्हे.