मणी चिकटले, पण दांड्याचं काय?

इम्प्लांटच्या पृष्ठभागावर छिद्रं का असतात, हे तुम्ही वाचलंच असेल. हाड त्यांत वाढतं आणि धातूला धरून ठेवतं. पण ही छिद्रं धातूवर बसवायची कशी? पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकतं, आणि खरी भानगड तिथेच आहे.

थोडं मागे जाऊ. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा ॲक्रिलिक सिमेंटने बसवला. पद्धत गाजली, पण काही वर्षांनी, विशेषतः तरुण रुग्णांमध्ये, सांधे सैल होऊ लागले. मग सिमेंटच कशाला, हाडालाच धरू दे, असा विचार पुढे आला. १९७१मध्ये शिकागोत होर्हे गलांटे यांच्या गटाने टायटॅनियमच्या बारीक तारांचा सच्छिद्र गोळा वापरून पाहिला. टोरोंटोत रॉबर्ट पिलियर आणि सहकारी कोबाल्ट-क्रोमच्या भुकटीवर काम करत होते.

त्यांची रीत म्हणजे सिंटरिंग. दांड्यावर बारीक मणी बंधकाने चिकटवायचे आणि भट्टीत, वितळबिंदूच्या थोडं खाली ठेवायचे. मणी वितळत नाहीत. जिथे टेकतात तिथे अणू सरकतात आणि एक 'मान' तयार होते. मधल्या पोकळ्या मोकळ्या राहतात. १९८०मध्ये बॉबिन आणि सहकाऱ्यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ५० ते ४०० मायक्रॉनची छिद्रं सर्वांत चांगली ठरलेली दिसली.

कोबाल्ट-क्रोमला हे बरंचसं जमलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूने मात्र घोळ घातला. सुमारे १००० अंश सेल्सियसच्या वर त्याची अंतर्गत रचना बदलते, दाणे जाड होतात. त्यात प्रत्येक मान म्हणजे एक खाच, आणि ताण खाचेतच साठतो. माणूस पावलागणिक त्या दांड्यावर भार टाकतो. म्हणजे लेप पक्का बसला, पण त्यापायी दांड्याची थकवा सोसण्याची ताकदच खूप घटली! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा अर्धा लिहिलेला प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला. त्यात मी फक्त लेपाची ताकद मोजणार होतो.

उपाय निघाले. प्लाझ्मा फवाऱ्यात कण वितळून येतात, दांडा तुलनेने थंड राहतो. तारांची जाळी दाब देऊन कमी तापमानाला जोडता येते. शिवाय जिथे ताण जास्त, तिथे लेप द्यायचाच नाही.

आता तुमच्या हाती लेप दिलेला नमुना आला, तर ओढून बघण्याआधी तो आडवा कापा, घासून चकचकीत करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मानेच्या खालचे दाणे बघा.