४२९४९६७२९७ : एका विश्वासाची परीक्षा

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या मूळ आहे की संयुक्त, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास ९२ वर्षे लागली.

फ्रान्समधील तुलूझचा न्यायाधिकारी प्येर द फर्मा फावल्या वेळात संख्यांचा अभ्यास करीत असे. १६४० साली त्याने एका पत्रात ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी संख्यांची मालिका मांडली. मालिकेतील कोणत्याही संख्येतून १ वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा आणि त्यात १ मिळवा. पुढची संख्या मिळते. या पाचही संख्या मूळ आहेत. म्हणून मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे फर्माला वाटले. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने लिहिले होते.

सहावी संख्या म्हणजे आपली ४२९४९६७२९७, अर्थात २ चा ३२ वा घात अधिक १. ती मूळ आहे का हे साध्या भागाकाराने तपासायचे, तर ६५५३६ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. अशा संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहेत!

१७२९ साली गोल्डबाखने पत्रातून हा प्रश्न बावीस वर्षांच्या ऑयलरपुढे ठेवला. १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले :

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

मालिकेची सहावी पायरीच निसटली होती. पण ६४१ सापडला कसा? याची गुरुकिल्ली ऑयलरने पुढे सिद्ध केली. समजा, क हा या संख्येचा मूळ विभाजक आहे. मग २ च्या ३२ व्या घाताला क ने भागल्यास बाकी −१, म्हणून ६४ व्या घाताला भागल्यास बाकी १ उरते. त्याआधीच्या कोणत्याही घाताला १ उरत नाही. दुसरीकडे, २ च्या (क − १) व्या घाताला क ने भागल्यासही बाकी १ उरते. म्हणून (क − १) ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. आता ६४ च्या पटीत १ मिळवत गेलो, तर मूळ संख्या येतात त्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. साडेसहा हजारांऐवजी पाचव्याच प्रयत्नात काम फत्ते!

गंमत अशी, की (क − १) व्या घाताचा हा नियम खुद्द फर्माचाच, आणि तोही १६४० सालचाच. म्हणजे कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्याच हाती होती.

वर्गात आपण दोन-चार उदाहरणे पडताळतो आणि ‘म्हणून नेहमीच असे होते’ असे म्हणून पुढे जातो. अशा वेळी ही संख्या फळ्यावर लिहावी. ६४१ ने भाग जातो हे विद्यार्थ्यांनाच करून पाहू द्यावे. पाच उदाहरणे जुळली तरी ती सिद्धता होत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. फर्माच्या मालिकेत त्या पहिल्या पाचांपलीकडे अद्याप एकही मूळ संख्या सापडलेली नाही. मात्र पुढे ती कधीच नसेल, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.