नोकिया इंटरनेट टॅबलेटमधील फेरबदल

नोकिया इंटरनेट टॅबलेट ही फिनलंडच्या नोकिया कंपनीने बाजारात आणलेली, लिनक्सवर चालणाऱ्या आणि हातात मावणाऱ्या संगणकांची मालिका होती. नोकिया ७७० (२००५), एन८०० (२००७) आणि एन८१० (२००७) ही तिच्यातील प्रमुख उपकरणे होत. त्यांत दूरध्वनीची सोय नव्हती. वाय-फायने, किंवा ब्लूटूथने जोडलेल्या मोबाइल फोनमार्फत ती महाजालाशी जोडली जात. या मालिकेचे महत्त्व विक्रीपेक्षा मालकांनी तिच्यात केलेल्या फेरबदलांमुळे अधिक आहे. प्रणालीचा बराचसा भाग मुक्तस्रोत असल्यामुळे ती उघडून पाहणे, बदलणे आणि बिघडल्यास पूर्ववत करणे सामान्य वापरकर्त्यालाही शक्य होते. हे स्वातंत्र्य कोठे संपत होते, हेही याच उपकरणांवरून दिसून आले.

उपकरणे व प्रणाली

नोकिया ७७० ची घोषणा मे २००५ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली. त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचा ओमॅप १७१० हा प्रक्रियक, ६४ एमबी रॅम, १२८ एमबी फ्लॅश स्मृती आणि ८०० × ४८० बिंदूंचा ४.१ इंची स्पर्शपटल होता. एन८०० आणि एन८१० मध्ये ओमॅप २४२० प्रक्रियक, १२८ एमबी रॅम आणि २५६ एमबी फ्लॅश स्मृती देण्यात आली. एन८०० ला एसडी कार्डांसाठी दोन खाचा होत्या. एन८१० ला सरकता कळफलक आणि जीपीएस होते.

या सर्वांवर माएमो ही डेबियनवर आधारित संचालन प्रणाली चालत असे. पॅकेजे बसवण्यासाठी डेबियनचीच साधने, दृश्य घटकांसाठी जीटीके+, खिडक्यांच्या मांडणीसाठी मॅचबॉक्स आणि छोट्या पडद्याला साजेसा हिल्डन हा वापरकर्ता-आंतरपृष्ठाचा थर, अशी तिची रचना होती. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणाऱ्याला तिच्यातील जवळजवळ प्रत्येक फाइल ओळखीची वाटे. प्रणालीच्या आवृत्त्यांना वाऱ्यांची नावे दिली जात. बोरा, चिनूक आणि डायब्लो ही त्यांपैकी काही.

रूट अधिकार

उपकरण विकत घेतल्यावर वापरकर्त्याला प्रणालीचा सर्वाधिकार, म्हणजे रूट, लगेच मिळत नसे. मात्र तो मिळवण्यासाठी सुरक्षेतील त्रुटी शोधण्याची गरज नव्हती, आणि नंतरच्या अनेक फोनांहून ही उपकरणे येथेच वेगळी ठरतात. नोकियाच्याच ‘फ्लॅशर’ या साधनाने यूएसबी तारेद्वारे उपकरण ‘संशोधन व विकास’ स्थितीत नेता येई. त्यानंतर टर्मिनलमधील एका ठरलेल्या आज्ञेने रूट अधिकार मिळत. पुढे स्वयंसेवकांनी हेच काम करणारी छोटी पॅकेजे तयार केली आणि संगणकाला तार जोडण्याचीही आवश्यकता उरली नाही.

प्रणालीतील अनुप्रयोग व्यवस्थापकात ‘लाल गोळी’ नावाची एक लपवलेली सोय होती. नवी रिपॉझिटरी जोडताना पत्त्याच्या जागी ‘मेट्रिक्स’ हा शब्द टंकून ‘रद्द करा’ दाबले, की लाल आणि निळी गोळी यांतून निवड करण्याचा पर्याय समोर येई. १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ या चित्रपटातील प्रसंगाचा हा संदर्भ होता. निळ्या गोळीच्या नेहमीच्या स्थितीत व्यवस्थापक केवळ वापरकर्त्यांसाठीची पॅकेजे दाखवी. लाल गोळी घेतल्यावर मात्र प्रणालीचे अंतर्गत घटकही दिसू लागत आणि ते एकेक करून बदलता वा काढता येत. या स्थितीत दिसेल ते पॅकेज अद्ययावत केल्यास उपकरण सुरूच न होण्याचा धोका असे.

मेमरी कार्डावरून प्रारंभ

सर्वांत उपयुक्त फेरबदल म्हणजे प्रणाली अंतर्गत स्मृतीऐवजी मेमरी कार्डावरून चालवणे. अंतर्गत फ्लॅश स्मृतीचे पाच भाग केलेले होते: बूटलोडर, कॉन्फिग, कर्नल, इनिटएफएस आणि रूटएफएस. बूटलोडर कर्नलला, आणि कर्नल इनिटएफएसमधील छोट्या आज्ञावलीला सुरू करी. ही आज्ञावली मग रूटएफएसमधील मुख्य प्रणालीकडे सूत्रे सोपवी. स्वयंसेवकांनी या छोट्या आज्ञावलीतच एक निवडसूची घातली. उपकरण सुरू होताना ठरावीक कळ दाबल्यास अंतर्गत स्मृती किंवा कार्ड यांपैकी कोठून प्रारंभ करायचा, हे त्यामुळे निवडता येऊ लागले.

त्याचे लाभ दोन होते. अंतर्गत रूटएफएस हे जेएफएफएस२ या संपीडन करणाऱ्या फाइल-व्यवस्थेत असे. त्यामुळे जागा वाचे, पण प्रक्रियकावर भार पडे. कार्डावरील ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ विभागात जागा विपुल मिळे. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा होता: मूळ प्रणालीला हात न लावता तिच्या प्रतीवर प्रयोग करता येत. प्रत बिघडली, तर अंतर्गत प्रणालीतून प्रारंभ करून कार्ड दुरुस्त करता येई. ज्याच्याकडे एकच उपकरण होते, त्याच्या दृष्टीने याहून मोठी सोय नव्हती. रॅम अपुरी पडत असल्याने कार्डाचा काही भाग आभासी स्मृतीसाठीही वापरला जाई, मात्र सततच्या लेखनामुळे कार्ड झिजण्याची शक्यता वाढे.

काही वेळा स्वयंसेवकांचे काम कंपनीच्या पुढे असे. एन८०० मध्ये जास्त क्षमतेची एसडीएचसी कार्डे चालावीत म्हणून बदललेला कर्नल आधी त्यांनी उपलब्ध करून दिला, आणि नोकियाच्या अधिकृत फर्मवेअरमध्ये ही सोय २००७ मध्येच पण त्यानंतर आली. नव्या प्रणालीपासून वंचित राहिलेल्या ७७० साठी नोकियाने ‘हॅकर एडिशन’ या नावाने अनधिकृत स्वरूपाच्या आवृत्त्याही दिल्या. त्यांच्यासाठी कंपनीचे साहाय्य मिळत नसे.

संपूर्ण डेबियन चालवण्याचा ‘ईझी डेबियन’ हा मार्गही लोकप्रिय होता. त्यात कार्डावरील एका मोठ्या फाइलमध्ये डेबियनची पूर्ण प्रणाली ठेवलेली असे. माएमो बंद न करता तिच्यातील ओपनऑफिससारखे अनुप्रयोग त्याच पडद्यावर उघडता येत. ते संथ चालत, पण खिशातील उपकरणावर चालत.

बिघाड व पुनर्स्थापना

प्रणालीतील महत्त्वाची सेवा बंद पडल्यास ‘वॉचडॉग’ ही यंत्रणा उपकरण आपोआप पुन्हा सुरू करी. फेरबदल करणाऱ्याला हे अडचणीचे ठरे, कारण चुकीच्या बदलानंतर उपकरण सुरू होण्याच्या आणि बंद पडण्याच्या चक्रात अडके व दोष शोधण्यास वेळच मिळत नसे. फ्लॅशरने ही यंत्रणा तात्पुरती निष्क्रिय करता येई.

तरीही उपकरण कायमचे निकामी होणे दुर्मीळ होते. बूटलोडर इतर भागांवर अवलंबून नव्हता. कर्नल आणि रूटएफएस दोन्ही नष्ट झाले, तरी ठरावीक कळ दाबून उपकरण यूएसबीला जोडले, की फ्लॅशर नवे फर्मवेअर बसवू शके. त्यात वापरकर्त्याची सर्व माहिती पुसली जात असल्याने आधी तिची प्रत कार्डावर घेणे आवश्यक असे. अपवाद कॉन्फिग या भागाचा. त्यात त्या विशिष्ट उपकरणाची वाय-फायविषयक नोंद असे, आणि ती फर्मवेअरच्या फाइलमधून परत मिळत नसे.

बंदिस्त घटक

फेरबदलांची मर्यादा कौशल्यापेक्षा स्रोत नसलेल्या मोजक्या घटकांनी ठरवली. बॅटरीच्या प्रभारणावर देखरेख करणारी ‘बीएमई’ ही सेवा बंदिस्त होती. तिच्याशिवाय दुसरी प्रणाली बसवल्यास उपकरण चाले, पण प्रभारित होत नसे. वाय-फाय ड्रायव्हरचा गाभाही बंदिस्त असून तो ठरावीक कर्नल आवृत्तीशीच जुळे, त्यामुळे कर्नल बदलला की जोडणी तुटे. ओमॅप २४२० मध्ये पॉवरव्हीआर एमबीएक्स हा चित्रप्रक्रियक प्रत्यक्षात होता, परंतु त्याचा ड्रायव्हर नोकियाने दिला नाही आणि तो भाग बहुतेक उपकरणांत शेवटपर्यंत निरुपयोगी राहिला.

यांतील काही कोंडी नंतर फुटली. २००८ मध्ये नोकियाने एन८०० व एन८१० च्या वाय-फायसाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला आणि पुढे त्या चिपसाठीचा आधार मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आला. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पात एन८१० साठी बॅटरी व्यवस्थापनाचा मुक्त ड्रायव्हर लिहिला गेला. फर्मवेअरचा प्रश्न मात्र निराळा होता. ते नोकियाच्या संकेतस्थळावर उपकरणाचा वाय-फाय पत्ता नोंदवूनच मिळे, आणि ते स्थळ बंद झाल्यावर अधिकृत मार्ग उरला नाही. पुनर्स्थापनेची सारी सोय उपकरणात शाबूत असूनही बसवायची फाइल ज्याने आधी जपून ठेवली त्यालाच ती उपयोगी पडू लागली.

उत्तरकाळ

२००९ मध्ये आलेला एन९०० हा माएमो ५ वर चालणारा फोन होता, आणि जुन्या टॅबलेटांसाठी ती प्रणाली अधिकृतपणे उपलब्ध झाली नाही. त्यांना नवी प्रणाली मिळावी म्हणून ‘मेर’ हा स्वयंसेवी प्रकल्प सुरू झाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये माएमो आणि इंटेलची मोब्लिन यांच्या विलीनीकरणातून मीगो निर्माण झाली. पुढच्याच वर्षी नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा स्वीकार केला. २०११ मध्ये मेरची मीगोच्या आधारे पुनर्रचना करण्यात आली आणि योला या फिनिश कंपनीच्या सेलफिश ओएसचा पाया तिच्यावर उभारला गेला. एन८०० आणि एन८१० यांची आभासी प्रतिकृती क्यूएमयू या अनुकारी आज्ञावलीत अनेक वर्षे उपलब्ध होती.