विहिरीतला डास गच्चीवर



परवा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या टाकीत डासांच्या अळ्या मारायचं औषध टाकण्यावरून वाद झाला. "ही हिंसाच की!" म्हणणाऱ्यांत पहिली मी. खरं तर गेल्या पावसाळ्यात माझ्याच नातवाला मलेरिया झाला होता. घरी आल्यावर मन लागेना, म्हणून जुना इतिहास वाचत बसले.

1897 मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. पुढे मुंबईतल्या तापाची चौकशी डॉ. बेंटली यांच्याकडे आली. 1911 च्या अहवालात त्यांनी बोट ठेवलं ते विहिरींवर. ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास गटारात नव्हे, विहिरीच्या स्वच्छ पाण्यात वाढत होता! विहिरी बुजवा किंवा झाका, असं सांगितल्यावर मोठा विरोध झाला. अनेक पारशी आणि हिंदू कुटुंबांना धर्मकार्यासाठी विहिरीचंच पाणी हवं होतं. मला त्यांचा राग येईना. आपल्यालाही प्रक्षालासाठी विहिरीचंच पाणी लागतं ना?

मग 1953 मध्ये देशभर डीडीटी फवारणी सुरू झाली. लहानपणी फवारणीवाले येऊन दारावर तारीख लिहून जायचे, ते मला आठवतं. 1965 पर्यंत देशातले रुग्ण लाखभरावर आले. पण डास औषधाला सरावले, माणसं ढिली पडली आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांवर गेला. नुसतं मारून प्रश्न सुटला नाही.

आज विहिरी गेल्या, पण तोच स्टिफेन्सी आपल्या गच्चीवरच्या टाकीत राहतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

आपल्याकडे गाळलेलं पाणीही दोन घडी, म्हणजे 48 मिनिटांनी पुन्हा गाळतात. साठलेल्या पाण्यात जीव उत्पन्न होतात, हे माझी आजी रोज सांगायची. जीव मारू नये इतकंच नाही, आपल्या हयगयीने ते उत्पन्नही होऊ नयेत. यालाच आपण जयणा म्हणतो. मी बी.कॉम. झालेली, म्हणून विचारते: टाकीचं झाकण उघडं ठेवून हजारो जीव जन्माला घातले आणि मग मारले, तर ते पाप कोणाच्या खात्यावर?

रविवारी मी स्वतः गच्चीवर गेले. झाकण फुटलेलं होतं. नवीन बसवलं, हवेच्या पाइपला बारीक जाळी बांधली. घरातला पिंप आता दर शनिवारी रिकामा करून आतून घासते, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि पाणी ओतून दिलं तरी जगतात. कुंड्यांखालच्या बशा काढूनच टाकल्या.

टाकीत आधीच झालेल्या अळ्यांचं काय? पुढच्या सभेत औषधासाठी मी हात वर केला. त्या रात्री प्रतिक्रमणात मिच्छामि दुक्कडं म्हणताना आवाज जड झाला. पुन्हा तो हात वर करायची वेळ येऊ नये, म्हणून झाकणाची किल्ली आता माझ्याकडे असते.